पॅनेलवाले म्हणतात, सदस्याला उभे राहा. राहू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वय 28, नोकरी चाकणला, शनिवार-रविवार गावी. नळाला चार दिवसांतून एकदा पाणी, गटारं उघडी, खांबावरचे दिवे बंद. माहिती अधिकारात दोन अर्ज टाकले, कागद मिळाले, पाणी मात्र चार दिवसांनीच येतंय. आता एका पॅनेलने ग्रामपंचायतीच्या सदस्यपदाची ऑफर दिलीय. तुम्ही विचारताय की निवडून आल्यावर खरंच काही बदलतं का, आणि खिशात पैसा नसताना निवडून येता येतं का.

मी कोण तेही सांगते. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातलं आमचं गाव, लोकसंख्या अडीच हजाराच्या आत, म्हणजे नऊ सदस्यांची बॉडी. 2012 ला सदस्याला उभी राहिले, 11 मतांनी पडले. 2017 ला थेट जनतेतून सरपंच झाले. 2022 ला सरपंचपद नामाप्रला, म्हणजे ओबीसींना सुटलं, म्हणून पुन्हा सदस्याला उभी राहिले, निवडून आले आणि आज विरोधात बसते. पडणं, खुर्चीत बसणं आणि कोपऱ्यात बसणं, तिन्ही करून झालंय.

"काही बदलतं का" या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. तुम्हाला काय बदलायचंय आणि ते ग्रामपंचायतीच्या हातात आहे का, यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्या यादीतलं पाणी, गटार आणि दिवे तिन्ही ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतात, ही चांगली गोष्ट. शाळेतले शिक्षक, रात्रीची थ्री फेज लाइट, तलाठ्याकडे अडलेली नोंद अशी यादी असती तर मी म्हटलं असतं, उभे राहू नका. सदस्य होऊन त्यासाठी अर्जच लिहीत बसाल, आणि अर्ज तुम्ही आत्ताही लिहिताच आहात. आमच्याकडे गुलाल उधळून झाल्यावर महिनाभरात नवे सदस्य निराश होतात, ते बहुतेक याच कारणाने. लोकांना शब्द दिलेला असतो डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बदलून देण्याचा, आणि डीपी महावितरणचा.

आता पॅनेलचं. तुम्हाला वाटतंय तुम्ही शिकलेले आहात, अर्ज टाकलेत, म्हणून त्यांनी विचारलं. असेलही. पण मी तुमच्या जागी असते तर आधी मोजलं असतं की माझ्या भावकीची त्या वॉर्डात किती मतं आहेत. नऊच्या बॉडीत सहसा तीन वॉर्ड, एकेका वॉर्डात तीन जागा. सहाशे-सातशे मतदारांच्या वॉर्डात ऐंशी टक्क्यांच्या वर मतदान होतं, आणि अडीचशे-तीनशे मतांवर माणूस निवडून येतो. त्यातली साठ मतं एका आडनावाची असतील तर पॅनेलप्रमुख त्या साठांसाठी तुमच्या दारात आलाय. कधीकधी तर समोरच्या पॅनेलच्या उमेदवाराची भावकी फोडायला त्याच भावकीतलं पोरगं उभं करतात. 2012 ला मला असंच उभं केलं होतं. मला ते कळलं निकालाच्या दिवशी, माझ्याच पॅनेलच्या सरपंचपदाच्या इच्छुकाने "ताई, काम झालं" म्हटलं तेव्हा. मी पडले होते, आणि त्याचं काम झालं होतं.

म्हणून हो म्हणायच्या आधी त्यांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. खर्च कोण करणार? निवडून आल्यावर कामाचे ठेके कुणाला जाणार? आणि एखाद्या ठरावावर मी वेगळं मत दिलं तर चालेल का? पहिल्या प्रश्नाला "तू नको काळजी करू" असं उत्तर आलं, तर दुसऱ्याचं उत्तर त्यातच आलं असं समजा. ग्रामपंचायतीची निवडणूक कागदावर पक्षाच्या चिन्हावर होत नाही, आयोगाच्या यादीतली मुक्त चिन्हं मिळतात. पण पॅनेलच्या मागे कुठला नेता, कुठला कारखाना, कुठली सोसायटी उभी आहे हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. त्यात वाईट काही नाही. फक्त माहीत असावं.

पैशाचं खरं बोलते. सदस्यपदासाठी कायद्याने घालून दिलेली खर्चाची मर्यादा असते आणि साधा प्रचार तिच्या आत आरामात बसतो. पॅम्प्लेट, एक रिक्षा, चहा. मर्यादा मोडते ती शेवटच्या तीन रात्रींत. जेवणावळी, बाटल्या, आणि पुण्या-मुंबईहून मतदार आणायला लावलेल्या गाड्या. हे मी 2017 ला केलं नाही आणि तरी आले, त्यामुळे होतं असं म्हणू शकते. पण 2012 लाही केलं नव्हतं आणि पडले, तेव्हा त्याचा नियम करू नका. 2017 ला फरक पडला तो मधल्या पाच वर्षांमुळे. त्या काळात मी एकही ग्रामसभा चुकवली नाही, आणि बचत गटाच्या बायकांना रेशनकार्ड, संजय गांधी निराधारचे फॉर्म भरून देत राहिले. तुम्ही शनिवार-रविवारचे आहात. ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला होतात, या दिवशी तुम्हाला सुट्टी असते. मागच्या चारपैकी किती सभांना तुम्ही बसलात? याचं उत्तर इथे द्यायची गरज नाही.

नोकरीचंही बघा. खासगी नोकरी असली म्हणून निवडणूक लढवायला कायद्याची आडकाठी नाही, मतदार यादीत नाव गावात हवं. पण मासिक मीटिंग बहुधा कामाच्या दिवशी, दुपारी असते. परवानगीशिवाय सलग सहा महिने गैरहजर राहिलात तर सदस्यत्व जाऊ शकतं. आणि ते गेलं नाही तरी, ज्या मीटिंगला तुम्ही नसता त्याच मीटिंगला नेमका तुमच्या वॉर्डाचा विषय येतो. याला योगायोग म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

लढायचंच ठरलं तर छाननीची भीती मतदानापेक्षा जास्त बाळगा. आमच्या तालुक्यात उमेदवार मतांनी पडतात तितकेच कागदांनी पडतात. तुमची आणि घराची घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावत्या हातात ठेवा, थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. शौचालयाचा दाखला. जागा राखीव असेल तर जातीचा दाखला आणि पडताळणीचं प्रकरण, जे मुदतीत पूर्ण झालं नाही तर निवडून आलेला माणूस घरी जातो. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर अपात्रता आहे, तुमच्या वयात तो प्रश्न नसावा. तुमचा जन्म 1 जानेवारी 1995 नंतरचा, तेव्हा सातवी पासची अट तुम्हाला लागू आहे आणि ती तुम्ही केव्हाच ओलांडलीय, तरी मार्कशीट शोधून ठेवा, आयत्या वेळी सापडत नाही.

सगळ्यात जास्त माणसं जातात अतिक्रमणात. तुम्ही म्हणाल, मी कुठे काय केलंय. तुम्ही नसेल. पण वडिलांनी वीस वर्षांपूर्वी गायरानात गोठा टाकला असेल आणि तुम्ही एकत्र राहत असाल तर तोही तुमच्या अंगावर येतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय की कुटुंबाने केलेल्या आणि सदस्य उपभोगत असलेल्या अतिक्रमणावरूनही अपात्रता येते. आमच्या शेजारच्या गावात निवडून आल्यावर आठ महिन्यांनी एका सदस्याचं पद असं गेलं, तक्रार करणारा त्याचाच चुलतभाऊ. तेव्हा फॉर्म भरायच्या आधी घरच्या जागेचा उतारा आणि प्रत्यक्ष भिंती, दोन्ही टेपने मोजून घ्या.

आणि हिशोब. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब सादर करावा लागतो, पडलेल्यांनाही. पडलेला माणूस घरी रुसून बसतो, हिशोब देत नाही, आणि पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतो. 2012 ला मी रडत रडत हिशोब भरला होता. तो भरला नसता तर 2017 चं काही झालंच नसतं.

इथवरच्या गोष्टी दारापर्यंतच्या झाल्या. तुमचा खरा प्रश्न दाराच्या आतला आहे.

2017 ला मी थेट सरपंच झाले, पण नऊपैकी सहा सदस्य समोरच्या पॅनेलचे. थेट निवड 2017 ला आली, 2020 ला रद्द झाली, 2022 ला परत आली, आणि या पद्धतीत असं त्रांगडं नेहमी होतं. गाडी माझी, ब्रेक त्यांच्या पायाखाली. पहिले सहा-सात महिने मी जो विषय अजेंड्यावर घेईन तो पडायचा. अविश्वास आणायचीही त्यांची तयारी होती, पण थेट सरपंचावर अविश्वासाला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि वर ग्रामसभेची मान्यता. सहांत ते बसत नव्हतं. मी काम करू शकत नव्हते, ते मला काढू शकत नव्हते. गावाला पाणी मात्र चार दिवसांनीच. हो, आमच्याकडेही चारच दिवस होते, म्हणून तुमचा प्रश्न वाचून थांबले.

त्या रिकाम्या महिन्यांत मी एकच शहाणपणाचं काम केलं, दप्तर वाचलं. नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना 9 म्हणजे कराच्या मागणीची. कुणाकडे किती थकलंय ते नऊ नंबरला दिसतं. वसुली निम्म्याच्या खाली होती. पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकलेलं, मोटार जळली की दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाचा चार महिन्यांचा पगार बाकी. तो माणूस तुमच्या नळाला वेळेवर पाणी का सोडेल? मोठ्या थकबाकीदारांत दोन्ही पॅनेलचे पुढारी होते. आणि माझे दीरही होते.

आधी दिरांची थकबाकी भरायला लावली. घरात आठ दिवस अबोला होता. मग मासिक मीटिंगला नमुना 9 मोठ्याने वाचला, आमच्या घरापासून सुरुवात करून. त्या सहांपैकी दोघं गरीब घरातले होते, कर नियमित भरणारे. त्यांना पहिल्यांदाच कळलं की ज्यांच्या सांगण्यावरून ते हात वर करतात, त्यांनी वर्षानुवर्षं पैसा भरलेला नाही. त्या दोघांनी वसुलीच्या ठरावाला हात वर केला. तीन अधिक दोन, पाच. माझ्या पूर्ण कारकिर्दीतला हा सगळ्यात मोठा दिवस, आणि त्याचा फोटोसुद्धा कुणी काढला नाही.

नवी योजना न येता पाणी चारवरून दोन दिवसांवर आलं. वीजबिल भरलं, कामगाराचा पगार सुरू झाला, आणि मेन लाइनवरची बेकायदा कनेक्शनं तोडली. 2020 नंतर पंधरावा वित्त आयोग आला. त्यात 2021-22 पासून 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असायचा, त्याची लोक तक्रार करतात, मला मात्र तो सोयीचा पडला. "पाण्याचा पैसा सभामंडपाला का नाही" या प्रश्नाला कायद्यानेच उत्तर देऊन ठेवलं होतं. उघड्या गटारांपैकी निम्मी त्यातून बंद झाली. निम्मी अजून उघडी आहेत.

कनेक्शनं तोडल्याची किंमतही मोजली. 2022 ला त्या आळीतून मला मतं पडली नाहीत. काम केलं म्हणजे मत मिळतं हा हिशोब डोक्यातून काढा. पाटोद्याचे माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत, कर भरणाऱ्याला मोफत दळण देणारं त्यांचं गाव, आणि तिथे 2021 च्या निवडणुकीत त्यांची मुलगी पडली. दुसरीकडे हिवरे बाजारला पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले आणि गाव त्यांच्यामागे राहिलं. दोन्ही गावं आदर्श. यातून सूत्र काढायला मी धजत नाही. एवढंच म्हणेन की हिवरे बाजारचे कडक नियम, शेतीला बोअर न घेणं, उसाला नाही म्हणणं, ते एकट्या सरपंचाच्या सहीने टिकले नसते. ग्रामसभा सोबत होती.

माझी एक चूक सांगते, तुम्ही करू नका. स्मशानभूमीच्या रस्त्याचा ठराव घाईत घेतला. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी असेल तो. त्या दिवशी माणसं कमी होती. रीत अशी की सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते. मी तहकूब न करता ठराव घेतला आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, उपस्थिती "पुरेशी" असं लिहू दिलं. विरोधकांनी सह्या मोजल्या. चौकशी लागली, दोन वर्षं रस्ता अडला, आणि पावसात लोकांनी चिखलातून तिरडी नेली. रस्ता अडवणारे ते, पण हत्यार मी दिलं. सदस्य झालात तर प्रोसिडिंगचं पान भरल्याशिवाय, खाली रेघ मारल्याशिवाय सही करायची नाही. ओळी मोकळ्या सोडून सह्या घेतात, मग त्यात काहीही उगवतं.

मग विरोधातला एकटा-दुकटा सदस्य काय करू शकतो? मी गेली काही वर्षं तेच करतेय, तेव्हा सांगते. विषय पत्रिकेवर यावा म्हणून लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. आपला विरोध कारणासहित प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायचा. महिला-बालकल्याणाचे 10 टक्के, मागासवर्गीयांचे 15, दिव्यांगांचे 5, हे स्वनिधीतले, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले, राखीव पैसे खरंच खर्च झाले का, हे दर तीन महिन्यांनी विचारायचं. हे विचारलेलं कुणालाच उघडपणे नाकारता येत नाही. मागच्या वर्षी दिव्यांगांना साहित्य मिळालं ते एवढ्या एका प्रश्नावर, माझ्याकडे बहुमत नसताना. तुम्ही बाहेरून माहिती अधिकारात जे तीस दिवसांनी वाचता ते सदस्याला टेबलावर, निर्णय व्हायच्या आधी दिसतं. तुमच्या सध्याच्या धडपडीत आणि सदस्यपदात फरक म्हणाल तर हाच, आणि तो लहान नाही.

पण निवडणूक न लढवता होणारी कामंही बघून ठेवा. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान लागतं, सरपंच लागत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो ग्रामसभेच्या जोरावर. उलट, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पंधरा दिवसांच्या आत शासनाने तो इतर गावांनी घ्यावा असं परिपत्रक काढलं, तिथे मात्र खुर्चीतल्या माणसांनी पुढाकार घेतला होता. तुमचं काम पाण्याचं आहे. ते रोजचं, किचकट, पैशाच्या हिशोबाचं काम आहे, आणि अशा कामाला आत कुणीतरी लागतंच. तो "कुणीतरी" तुम्हीच असायला हवं असं नाही. शेजारच्या वॉर्डातली एखादी खमकी बाई उभी राहत असेल तर तिचे कागद तुम्ही सांभाळा, ती दर मीटिंगला हजर असेल.

एक धोक्याची सूचना. गावात "बिनविरोध करू, देवळाला देणगी देईल त्याला पद" अशी टूम निघाली तर त्यात सही करू नका. जानेवारी 2021 मध्ये नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळीत सरपंचपदाचे लिलाव झाल्याचं समोर आलं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. बिनविरोध व्हायला माझी ना नाही, पण कोण किती देणार हे विचारून झालेलं बिनविरोध म्हणजे पाच वर्षांची वसुली पहिल्याच दिवशी सुरू.

थोडक्यात, जिथवर आलोय ते: तुमचं काम ग्रामपंचायतीच्या हातातलं आहे, पॅनेलचा हेतू तपासायचा आहे, कागद आधी आणि प्रचार नंतर, आणि निवडून आलात तर नऊंतले पाच हात वर करवून घेणं हेच काम. बाकी तुमच्या सुट्ट्यांवर आहे.

आता करा असं. ई-ग्रामस्वराजच्या साइटवर तुमच्या गावाचा चालू वर्षाचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो, त्यासाठी अर्ज लागत नाही. तो काढा. येत्या ग्रामसभेत उभे राहून दोनच प्रश्न विचारा: पाणीपुरवठ्याचं वीजबिल किती थकलंय, आणि घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली किती. सभेत कोण गप्प बसतं, कोण चिडतं, आणि सभा संपल्यावर कोण तुमच्या खांद्यावर हात ठेवायला येतं ते बघा. पॅनेलवाल्यांना तोवर "विचार करतो" म्हणा. ते दोन महिने आधीच विचारायला आलेत म्हणजे त्यांना गरज आहे.

आणि एक राहिलंच. तुमच्या वॉर्डातल्या जागा कुठल्या प्रवर्गाला सुटल्यात ते तुम्ही लिहिलंच नाही. पॅनेलने तुम्हाला जी जागा देऊ केलीय ती सर्वसाधारण आहे की स्त्री राखीव, हे तहसीलच्या आरक्षणाच्या यादीत स्वतः बघा, त्यांच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. कळवा, मग पुढचं बोलू.